पाच सेकंदांत हरवणारा गेम लोक परत परत का खेळतात?

‘सुपर हेक्सागॉन’ घेतला, पाच-सहा सेकंदांच्या पुढं गेलोच नाही, डोकं गरगरलं म्हणून काढून टाकला. लोकांना यात काय सापडतं, असं तुम्ही विचारलंय.

माझं परभणीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवा डिस्प्ले बसवला की टच बघायला माझ्या ड्रॉवरमधल्या जुन्या फोनवर आधी हा गेम, मग गिऱ्हाइकाच्या फोनवर बोट, असं माझं चालतं. कामाचा भाग आहे, असं मी घरी सांगतो.

मधे एक षटकोन, त्याच्या कडेला इवलासा त्रिकोण, तो म्हणजे तुम्ही. बाहेरून भिंती आत सरकत येतात आणि कुठंतरी एक फट असते. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यावर बोट ठेवलं की एकीकडं फिरायचं, उजव्या अर्ध्यावर ठेवलं की दुसरीकडं. बस. भिंतीला बाजूनं घासलात तर चालतं, समोरून आदळली की खलास. वर सगळी स्क्रीन गाण्यासोबत गोल फिरत असते. टेरी कॅव्हॅनानं हा २०१२ साली काढला आणि सगळ्यात सोप्या लेव्हलवरच शिक्का मारला ‘हार्ड’, म्हणजे अवघड! ६० सेकंद टिकलात की लेव्हल पार. मला सव्वा महिना लागला.

ओढ लागते ती दोन गोष्टींमुळं. एक तर मेल्यावर जाहिरात नाही, मेनूत हिंडणं नाही. टेकवलं बोट की डाव सुरू. चिडायलाही फुरसत मिळत नाही. दुसरं, भिंती वाटतात तशा अंदाधुंद येत नाहीत. साचे ठरलेले आहेत, क्रम तेवढा बदलतो. जिन्यासारख्या गोल गोल येणाऱ्या भिंती असतात ना, त्यात मी कितीदा मेलो असेन. मग एक दिवस कळलं की तिथं टपटप करायचंच नाही, बोट दाबून धरायचं. पाच सेकंद बरोबर गेले तर ते आपले आपण कमावलेले असतात. नशिबावर ढकलता येत नाही, म्हणूनच सोडवत नाही.

व्यसनाचं म्हणाल तर तेही खरंय. ‘फ्लॅपी बर्ड’ बनवणाऱ्या व्हिएतनामच्या डाँग न्गुयेननं त्याच कारणानं आपला चालता गेम फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतःहून काढून घेतला होता. तुम्हाला नाही आवडला तर जबरदस्ती नाही. पण परत घेतलात तर त्रिकोणाकडं बघू नका, येणाऱ्या फटीकडं बघा. गरगरणं बरंच कमी होतं.

मागं मानवतकडचे एक मामा डिस्प्ले टाकायला आले होते. बसून कंटाळले, म्हणून त्यांच्या हातात माझा फोन दिला. तीन सेकंद. चार. परत तीन. म्हटलं, आता फेकतात. तर म्हणाले, ‘‘चूक आपलीच दिसायली की हो ह्याच्यात. सोयाबीन गेल्यावर कुणाची म्हणावं?’’ त्यांचा फोन तयार होऊन काउंटरवर पडला, एस.टी. निघून गेली, तरी मान वर नाही. शेवटी दहा सेकंद पार झाले तशी गेमच्या आतली, टप्प्यांची नावं पुकारणारी बाई ‘लाइन’ असं म्हणाली. मामा दचकले आणि तिथंच मेले.

‘‘मधेच बोलायली कोण ही?’’ म्हणाले, आणि परत बोट टेकवलं.