१९९० ला तीन महिने, २०२४ नंतर दीड वर्ष: बांगलादेशात निवडणूक एवढी लांबली कशी?

तुमचा प्रश्न असा: १९९० मध्ये विद्यार्थ्यांनी लष्करशहा इर्शादला घालवलं तेव्हा तीन महिन्यांच्या आत निवडणूक झाली. २०२४ मध्ये हसीना गेल्यावर मात्र तारीख पडली ती थेट १२ फेब्रुवारी २०२६ ची. मग अंतरिम सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस खुर्चीला चिकटून बसले होते का? शिवाय दुसऱ्या एकांचं म्हणणं आहे की सगळं लष्करानेच घडवलं, पोरांना नुसतं पुढे केलं. दोन्हींवर लिहितो, जरा लांब होईल. मी अभ्यासक वगैरे नाही. सुताच्या व्यापारामुळे ढाक्याजवळच्या नारायणगंजला जाणं-येणं असायचं, बंगाली वर्तमानपत्रं वाचायची सवय तिथे लागली ती सुटली नाही, एवढंच.

१९९० मध्ये इर्शाद जायच्या आधीच 'पुढे काय' हे कागदावर लिहून झालेलं होतं. २०२४ मध्ये हसीनांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लोक कागद शोधायला लागले. दीड वर्षाचा बराचसा हिशेब इथेच लागतो.

१९९० ची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून ती आधी सांगतो. इर्शादने २४ मार्च १९८२ ला सत्ता बळकावली. विद्यार्थी १९८३ पासूनच रस्त्यावर होते, पण अवामी लीगच्या हसीना आणि बीएनपीच्या (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) खालिदा झिया यांचं एकमेकींशी जमेना. १९८६ ची निवडणूक हसीनांनी लढवली, खालिदांनी बहिष्कार घातला. इर्शादला आणखी काय हवं होतं? १० ऑक्टोबर १९९० ला ढाक्यात सचिवालयाच्या घेरावात जेहाद नावाचा तरुण कार्यकर्ता गोळीने मेला. त्याच दिवशी एरवी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या विद्यार्थी संघटना एकत्र आल्या आणि 'सर्वदलीय छात्र ऐक्य' उभं राहिलं. त्यांनी इर्शादवर जेवढा दबाव आणला तेवढाच आपापल्या नेत्यांवरही आणला, आणि माझ्या मते त्या आंदोलनातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच होतं.

परिणाम असा की १९ नोव्हेंबरला हसीनांची आठ पक्षांची, खालिदांची सात पक्षांची आणि डाव्यांची पाच पक्षांची अशा तिन्ही आघाड्यांनी एकच मसुदा जाहीर केला. बांगलादेशात त्याला 'तीन जोटांची रूपरेखा' म्हणतात. इर्शादने आघाड्यांना मान्य असलेल्या निःपक्ष माणसाला उपराष्ट्रपती नेमायचं, मग स्वतः राजीनामा देऊन सत्ता त्याच्या हाती द्यायची, त्या माणसाने निवडणूक लढवायची नाही आणि तीन महिन्यांत मतदान घ्यायचं. २७ नोव्हेंबरला विद्यापीठाच्या आवारात डॉ. शमसुल आलम खान मिलन यांना गोळी लागली, त्यात ते गेले. आणीबाणी पुकारली गेली, पत्रकारांनी संप करून वर्तमानपत्रंच बंद ठेवली. ४ डिसेंबरला इर्शादने राजीनामा जाहीर केला. ६ डिसेंबरला सगळं रूपरेखेतल्या क्रमाने झालं: उपराष्ट्रपती मौदूद अहमद पायउतार, सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद त्यांच्या जागी, मग इर्शाद बाहेर. शहाबुद्दीनसाहेबांची अट एकच होती, काम संपलं की मला माझ्या न्यायालयात परत जाऊ द्या. २७ फेब्रुवारी १९९१ ला मतदान झालं आणि ते खरंच परत गेले. त्यासाठी अकरावी घटनादुरुस्ती करावी लागली.

एक मजेशीर तपशील. त्या निवडणुकीत इर्शाद तुरुंगात होता, तरी त्याने पाच जागा लढवल्या आणि पाचही जिंकल्या. पडलेल्या हुकूमशहाच्या पक्षालाही मतपेटीपर्यंत येऊ दिलं होतं.

आता २०२४. घटनाक्रम ताजा आहे, भराभर सांगतो. ५ जूनला उच्च न्यायालयाने सरकारी नोकऱ्यांतला मुक्तियोद्ध्यांच्या, म्हणजे १९७१ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या, वारसांचा ३० टक्के कोटा पुन्हा लागू केला. जुलै उजाडताच विद्यार्थी रस्त्यावर आले. १४ जुलैला हसीनांनी पत्रकार परिषदेत विचारलं की कोटा मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही मिळणार तर काय रझाकारांच्या (१९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांच्या) नातवंडांना मिळणार, आणि त्या रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत संताप पेटला. १६ जुलैला रंगपूरला अबू सईद हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि मारला गेला. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने कोटा ५६ वरून ७ टक्क्यांवर आणला. म्हणजे मूळ मागणी जवळपास मान्य झाली होती. पण तोवर इतकी पोरं मेली होती की कोट्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. ३ ऑगस्टला ढाक्याच्या शहीद मिनारवर विद्यार्थी नेता नाहिद इस्लामने हसीनांच्या राजीनाम्याची एकमेव मागणी वाचली आणि ५ ऑगस्टच्या दुपारी हसीना दिल्लीजवळच्या हिंडन विमानतळाच्या वाटेवर होत्या.

मागणी आणि पतन यांत दोन दिवस. दोन दिवसांत रूपरेखा कोण लिहिणार? १९९० च्या विद्यार्थ्यांच्या मागे पक्ष होते. इथे बीएनपीचे नेते तुरुंगात किंवा लंडनमध्ये, आणि आंदोलनाने मुद्दामच पक्षांना हात लावू दिला नव्हता. आंदोलनाची ताकद त्यातच होती. नंतर अडलं तेही तिथेच.

६ ऑगस्टच्या पहाटे आंदोलनाच्या समन्वयकांनी, म्हणजे विद्यार्थी नेत्यांनी, व्हिडिओवरून युनूस यांचं नाव जाहीर केलं. ते तेव्हा पॅरिसला होते. ८ तारखेला रात्री शपथ झाली. मधले तीन दिवस देशात सरकारच नव्हतं.

शपथ कुठल्या कलमाखाली द्यायची, हाही प्रश्नच होता. १९९० चा उपराष्ट्रपतीचा रस्ता बंद, कारण १९९१ च्या बाराव्या दुरुस्तीने ते पदच गेलं. १९९६ च्या तेराव्या दुरुस्तीने निवडणुकीपुरतं निःपक्ष सरकार आणायची सोय केली होती. त्या व्यवस्थेखाली झालेल्या १९९६, २००१ आणि २००८ च्या निवडणुका त्यातल्या त्यात विश्वासाच्या. ती सोय २०११ मध्ये हसीनांच्याच सरकारने पंधराव्या दुरुस्तीने काढून टाकली. त्यानंतर २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या, २०१८ मध्ये आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप झाले, २०२४ च्या जानेवारीत बीएनपी मैदानातच नव्हता. शेवटी राष्ट्रपतींनी कलम १०६ खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं आणि त्या मताच्या आधारावर अंतरिम सरकार उभं राहिलं. हा टेकू कच्चा होता. संसद विसर्जित झाल्यापासून नव्वद दिवसांत निवडणूक, असं राज्यघटना सांगते. ते नव्वद दिवस कधी सरले कुणाला कळलंही नाही.

आणि निवडणूक घेणार कोण? पोलीस ठाणी जळाली होती, पोलीस गणवेश उतरवून घरी बसले होते, चौकाचौकांत कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत वाहतूक सांभाळत होती. सप्टेंबरात लष्करी अधिकाऱ्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार द्यावे लागले. सरन्यायाधीश १० ऑगस्टला गेले. निवडणूक आयोग ५ सप्टेंबरला राजीनामा देऊन मोकळा झाला आणि नवा आयोग यायला नोव्हेंबर उजाडला. महापौर हटवले, कुलगुरू गेले, बैतुल मुकर्रम या राष्ट्रीय मशिदीचे खतीबसुद्धा (शुक्रवारचं प्रवचन देणारे) गायब झाले! बांगलादेश बँकेचे गव्हर्नर गेले आणि काही बँकांची संचालक मंडळं बरखास्त झाली. आमच्या धंद्यात याचा अर्थ फार साधा असतो: एलसी, म्हणजे मालाच्या पैशांचं हमीपत्र, उघडणारी बँक उद्या पैसे सोडेल का? त्या ऑगस्टात नारायणगंजचे ओळखीचे लोक फोनवर राजकारण कमी आणि बँकेचं जास्त बोलायचे. तिकडे माल पाठवणाऱ्या नाशिकच्या कांदेवाल्यांना आणि वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना ही भाषा समजावून सांगायला नको. १९९० मध्ये असं काही झालं नव्हतं. इर्शाद गेला तरी सचिवालय, पोलीस, न्यायालय जागेवर होतं. पंधरा वर्षांत हसीनांनी पक्ष आणि राज्ययंत्रणा इतकी एकजीव केली होती की पक्ष पळाला तेव्हा यंत्रणाही पळाली.

तरीही हे सगळं धरून वर्षभरात निवडणूक घेता आली असती, असं मला वाटतं. ती लांबली, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं साल होतं.

विद्यार्थ्यांपुढे १९९० होतं. निवडणूक झटपट झाली, संसदीय पद्धतही आली, पण रूपरेखेतली रेडिओ-टीव्हीच्या स्वायत्ततेसारखी बाकीची वचनं पक्षांनी सत्तेवर येताच गुंडाळून ठेवली. १९९४ च्या मागुरा पोटनिवडणुकीतल्या गैरप्रकारांनंतर तर भांडण पुन्हा पहिल्या जागेवर आलं. म्हणून यांचा हट्ट: आधी सुधारणा, मग मतदान. त्यातून अकरा सुधारणा आयोग आणि राष्ट्रीय सहमती आयोग आले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला जुलै सनदेवर, म्हणजे ठरलेल्या सुधारणांच्या मसुद्यावर, सह्या झाल्या. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांच्याच नव्या पक्षाने, एनसीपीने (नॅशनल सिटिझन पार्टी), त्या दिवशी सही केली नाही. अंमलबजावणीची कायदेशीर हमी कुठेय, हा त्यांचा सवाल होता, आणि १९९० आठवला की तो अडेलतट्टूपणा वाटत नाही.

बीएनपीपुढे २००७ होतं. ११ जानेवारी २००७ ला, तिथल्या बोलीत 'वन-इलेव्हन'ला, आणीबाणी लागली आणि दुसऱ्या दिवशी लष्कराच्या पाठिंब्याने फखरुद्दीन अहमद यांचं सरकार आलं. नव्वद दिवसांसाठीची व्यवस्था जवळपास दोन वर्षं चालली आणि त्या काळात हसीना, खालिदा, खालिदांचे पुत्र तारिक रहमान सगळे तुरुंग पाहून आले. 'आधी सुधारणा' हे शब्द बीएनपीने तेव्हाही ऐकले होते. म्हणून त्यांचा धोशा: तारीख सांगा.

लष्करापुढेही २००७ च होतं, पण उलट्या बाजूने. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ढाका विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी जवान आणि विद्यार्थी यांच्यात बाचाबाची झाली, तिचा भडका देशभर उडाला आणि संचारबंदी लावावी लागली. सत्तेच्या मागे उभं राहिलं की काय होतं ते त्यांनी तेव्हा पाहिलं. म्हणून 'सगळं लष्करानेच केलं' हे मला पटत नाही. लष्करप्रमुख जनरल वकार यांनी २०२४ मध्ये गोळ्या चालवायला नकार दिला, हे निर्णायक होतं, मान्य. पण तो नकार शेकडो पोरं मेल्यावर, लाखो लोक ढाक्याकडे निघाल्यावर आला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने पुढे १ जुलै ते १५ ऑगस्टमधल्या मृतांचा अंदाज १,४०० पर्यंत दिला. एवढी किंमत मोजणारे 'पुढे केलेले' नसतात.

लष्कराचा हात तारखेत मात्र दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्येच वकार म्हणाले होते की अठरा महिन्यांत लोकशाही परत यावी. पुढे युनूस यांनी आधी २०२५ ची अखेर ते २०२६ चं पूर्वार्ध असा पट्टा दिला, जून २०२५ मध्ये एप्रिल सांगितला. एप्रिल म्हणजे कालबैशाखीची वादळं आणि परीक्षा, बीएनपी भडकला. मग आठवड्याभरात लंडनला तारिक रहमान यांच्याशी बैठक झाली आणि रमजानच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी, असं ठरलं. अठरा महिने भरतात ते तिथेच.

मग युनूस चिकटले होते का? नाही. मे २०२५ मध्ये ते राजीनाम्याच्या गोष्टी करत होते. माझी तक्रार वेगळी आहे. तारीख न सांगता सरकार चालवलं की रिकाम्या जागेत जमाव शिरतो. अल्पसंख्याकांवरचे हल्ले, ५ फेब्रुवारी २०२५ ला हसीनांचे वडील शेख मुजीब यांचं धानमंडी ३२ चं घर पाडणं, डिसेंबर २०२५ मध्ये जुलै आंदोलनातले नेते शरीफ उस्मान हादी यांच्या मृत्यूनंतर प्रथम आलो आणि डेली स्टार या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या पेटवणं, यातलं बरंच पोलिसांच्या डोळ्यांसमोर झालं. नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम पंतप्रधान म्हणून सुशीला कार्कींची नेमणूक झाली त्याच दिवशी ५ मार्च २०२६ ही तारीखही जाहीर झाली. हे ढाक्यात करता आलं असतं.

दुसरी चूक विद्यार्थ्यांची. नाहिद इस्लाम मंत्रिपदाच्या दर्जाचं सल्लागारपद सोडून फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्षाकडे गेला, ते ठीक. पण त्याचे सहकारी मागे सरकारातच राहिले आणि 'सरकारी पक्ष' हा शिक्का बसला तो बसलाच. शहाबुद्दीनसाहेबांनी १९९० मध्ये परतीची अट का घातली होती, ते इथे कळतं. अवामी लीगवर मे २०२५ मध्ये कार्यबंदी आली, तिची तुलना तुरुंगातून निवडून येणाऱ्या इर्शादशी करावीशी वाटते, पण १,४०० चा आकडा समोर असताना ती तुलना मला स्वतःलाच पुरती पटत नाही.

राहिला 'विद्यार्थ्यांना मिळालं काय' हा उपप्रश्न. ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थी संसदेची, डाकसूची, निवडणूक जून १९९० मध्ये झाली होती. त्याच पोरांनी इर्शादला घालवून देशाला निवडणूक मिळवून दिली, आणि नंतर आलेल्या एकाही निवडून आलेल्या सरकारने मार्च २०१९ पर्यंत डाकसूची निवडणूक होऊ दिली नाही. यावेळी ती राष्ट्रीय निवडणुकीच्या आधी, ९ सप्टेंबर २०२५ ला झाली. जिंकलं जमात-ए-इस्लामी पक्षाच्या विद्यार्थी शाखेचं, इस्लामी छात्र शिबिरचं पॅनल. जुलैच्या समन्वयकांचं पॅनल पार मागे पडलं.