तीर्थनवर जाताना फोन कुठे ठेवायचा

तुम्ही विचारलंत, फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्यासारखं नकली आमिष लावलेल्या गळाने मासे पकडायला, स्मार्टवॉच, कॅमेरा, हवामानाची अ‍ॅप्स यातलं काय न्यावं. हिमाचलात, तीर्थन खोऱ्यात पहिल्यांदाच जाताय, म्हणून स्पष्ट सांगतो.

अ‍ॅप्स आदल्या रात्री बघा. पावसाचा अंदाज, नकाशा, मत्स्य विभागाचा परवाना, सगळं खोलीवरच उरका. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, हेही ध्यानात ठेवा. नदीवर पोहोचलात की फोन बंद करून सॅकच्या तळाशी. खिशात नको, खिशात असला की हात तिकडे जातोच.

एक साधन मात्र नक्की घ्या: पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर. ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की पकडून सोडलेला मासाही दगावू शकतो. तेव्हा थांबायचं, कितीही मोह झाला तरी. पोलराइज्ड चष्माही हवाच. पाण्यावरची चकाकी गेली की दगडाआडचा मासा दिसतो.

पहिला अर्धा तास गळ टाकूच नका. काठावर बसून बघा: कुठले किडे उडतायत, मासा कुठे वर येतोय, धारेच्या कडेला पाणी कुठे मंदावतंय. हे कुठलंही अ‍ॅप शिकवत नाही, आणि मला या छंदातलं सर्वांत प्रिय तेच आहे. उन्हाळ्यात दुपारकडे बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळतं. नदीचा आवाज बदलतो, म्हणून इअरफोन अजिबात नको.

फोटोसाठी छोटा कॅमेरा चालेल. हात ओले करा, मासा जाळीत, पाण्यातच ठेवा आणि एकच फोटो काढून सोडा.