वाचकांचे प्रश्न : सीला डावीकडून चिकटणारा एन

प्रश्न : लाटेकमध्ये (गणिती मजकूर आज्ञा लिहून जुळवायची संगणक-प्रणाली) पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची प्रश्नपत्रिका जुळवतो आहे. एन-सी-आर (एन वस्तूंतून आर निवडण्याचे एकूण प्रकार) या चिन्हातला, सीच्या डावीकडे वर लिहायचा एन कधी नीट बसतो, कधी आधीच्या चिन्हाला जाऊन चिकटतो. असे का?

उत्तर : कॅरेट (^) चिन्हाने वर जाणारे अक्षर नेहमी डावीकडच्या चिन्हाचे होते. सूत्राच्या अगदी सुरुवातीला डावीकडे काहीच नसते, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते आणि चूक लपते. बरोबर (=) या चिन्हानंतर तेच लिहिले की एन त्या चिन्हाच्या डोक्यावर बसतो आणि मोकळी जागा एन व सी यांच्यामध्ये पडते. उपाय सोपा आहे : कॅरेटच्या आधी रिकामे महिरपी कंस टाका, म्हणजे एनला टेकायला स्वतःची जागा मिळते. वर जाणारा मजकूरही महिरपी कंसातच हवा. कॅरेट एकच अक्षर उचलतो. १०-सी-३ लिहिताना १ वर जातो आणि ० खाली राहतो.

एवढे करूनही एक धोका उरतो, आणि तो जास्त वाईट, कारण कोड बरोबर असतो. २ गुणिले ५-सी-२ म्हणजे २०. पण २ आणि वरचा ५ लागून छापले, तर वाचणाऱ्याला तो दोनचा पाचवा घात, म्हणजे ३२ वाटतो. नुसती बारीक जागा पुरत नाही; मध्ये गुणाकाराचा ठिपका द्या किंवा ५-सी-२ गोल कंसात घाला.

हे चिन्ह वारंवार येणार असेल, तर दोन किमती घेणारी स्वतःची आज्ञा एकदाच बनवून ठेवा. सी आणि (पर्म्युटेशनच्या एन-पी-आर चिन्हातला) पी त्यात सरळ ठशात ठेवावेत, एन आणि आर तिरके.

प्रश्न : त्याऐवजी कंसात एन वर, आर खाली असे लिहिले तर?

उत्तर : स्वतंत्र ओळीतल्या सूत्रात तेच उत्तम. एएमएसमॅथ या जादा गणिती आज्ञांच्या पॅकेजमधली बायनॉम आज्ञा वापरा. अपूर्णांकाची आज्ञा कंसात घालू नका, मध्ये आडवी रेघ येते आणि अर्थ भागाकाराचा होतो. चालू मजकुरात मात्र हा उभा कंस ओळींमधले अंतर फाकवतो, शिवाय अक्षरे बारीक होतात. तिथे एन-सी-आरच बरे. पर्म्युटेशनला असा कंस वापरू नये. तो कॉम्बिनेशनचाच समजला जातो.

प्रश्न : एन आणि आर दोन्ही सीच्या उजवीकडे लिहिले तर चालेल?

उत्तर : चालेल, पण पहिल्याच पानावर अर्थ सांगा. फ्रेंच आणि रशियन पुस्तकांत त्या पद्धतीत एन खाली असतो.