लेन्स न वापरणाऱ्यालाही बुबुळावर अल्सर होऊ शकतो का?

तुमच्या मैत्रिणीला कॉन्टॅक्ट लेन्समुळे बुबुळावर अल्सर, म्हणजे संसर्ग झालेली जखम, झाला. तुम्ही लेन्स लावत नाही, तर निर्धास्त राहायचं का, आणि ती पुन्हा लेन्स लावू शकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कॉर्निया विभागात काम करते. दोन्ही तऱ्हेचे रुग्ण आमच्याकडे येतात.

निर्धास्त नका राहू. अल्सर दोघांनाही होतो, कारणं मात्र वेगळी असतात.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जंतू आत शिरले की शरीराची कुमक तिथे उशिरा पोचते. वरचा नाजूक थर शाबूत आहे तोवर बहुतेक जंतूंचं काही चालत नाही. तो थर कशामुळे फाटला, हे कळलं की निम्मं निदान झालंच म्हणा.

लेन्सवाल्यांचा मोठा शत्रू म्हणजे लेन्स लावून झोपणं. मिटलेल्या पापणीखाली ऑक्सिजन कमी पडतो, लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत आणि तो वरचा थर दुबळा होतो. दिवसाच मऊ लेन्स लावणाऱ्या 10,000 लोकांमागे वर्षाला साधारण 2 ते 4 जणांना हा संसर्ग होतो. लेन्स लावून झोपणाऱ्यांमध्ये हाच आकडा 20 च्या आसपास जातो. बहुतेक वेळा जंतू असतो स्यूडोमोनास. तो लेन्सच्या डबीत चिकट थर करून राहतो आणि एकदा डोळ्यात शिरला की दोन-तीन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना किंवा ती लावून पोहणाऱ्यांना अकँथामीबा या पाण्यात राहणाऱ्या एकपेशीय जीवाचाही धोका असतो. तो विरळा, पण फार चिवट. वरून फारसं काही दिसत नाही आणि रुग्ण मात्र वेदनेने तळमळत असतो. उपचार कित्येक महिने चालतात.

लेन्स न वापरणाऱ्यांमध्ये सुरुवात बहुधा इजेने होते: पिकाचं पातं लागलं, कुसळ गेलं, धातूचा कण उडाला. झाडपाल्याची इजा असेल तर आम्हाला आधी बुरशीचा संशय येतो. बुरशीचा अल्सर सावकाश वाढतो, म्हणून लोक आठवडा-आठवडा अंगावर काढतात. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या दिसतात. खरवडून काढलेला नमुना काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतात केलेल्या चाचणीत अशा अल्सरवर नॅटामायसिन हे बुरशीवरचं जुनं औषध व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं, फ्युजेरियम बुरशीवर तर विशेषच. याखेरीज नागीण कुळातला हर्पिसचा विषाणू, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, पापणी नीट न मिटणं, मधुमेह हीसुद्धा कारणं आहेत.

मला खरी काळजी वाटते ती ‘डोळे आले असतील’ म्हणून घरातले जुने थेंब घालणाऱ्यांची. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली आणि ठणका कमी होतो, रुग्णाला बरं वाटतं, आणि आत बुरशी किंवा विषाणू मोकाट वाढतो. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर धूसर झालीय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका. जिवाणूंच्या गंभीर अल्सरला सुरुवातीला दर तासाला थेंब घालावे लागतात, रात्रीसुद्धा.

मैत्रिणीला सांगा, पुढच्या भेटीला लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली सोबत घेऊन जा. डोळ्यातल्या नमुन्यात जंतू सापडला नाही तर कधीकधी डबीत सापडतो. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुढे लेन्स लावता येऊ शकते, पण नवी लेन्स आणि नवी डबी घेऊनच. रोज नवी वापरून टाकून द्यायची लेन्स जमत असेल तर मी तीच सुचवेन, कारण तिला डबीच लागत नाही. व्रण बुबुळाच्या मध्यावर राहिला असेल तर आधी नजर किती परत आलीय ते तपासावं लागेल.