विरोधकांचा नाश व्हावा, अशी प्रार्थना करावी काय?

प्रश्न : आमच्या मंडळीला विरोध करणाऱ्या काही व्यक्तींची नावे घेऊन देवाने त्यांचा नाश करावा, अशी प्रार्थना आमच्या प्रार्थनासभेत होते आणि आधार म्हणून 109वे स्तोत्र वाचले जाते. मला तिला ‘आमेन’ म्हणवत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे काय?

उत्तर : तसे मला मुळीच वाटत नाही. शोमरोनी लोकांच्या एका गावाने प्रभू येशूला थारा दिला नाही, तेव्हा आकाशातून अग्नी पाडून त्या गावाचा नाश करावा काय, असे याकोब व योहान यांनी विचारले आणि प्रभूने त्या गावाला नव्हे, तर आपल्या या दोन शिष्यांना धमकावले (लूक 9).

तथापि शत्रूंना शिक्षा व्हावी, असे मागणारी 35, 69, 109 आणि 137 ही स्तोत्रे पवित्र शास्त्राचा भाग आहेत आणि प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाविषयी बोलताना प्रभूचा शिष्य पेत्र याने त्यांतील 69व्या व 109व्या स्तोत्रांचाच आधार घेतला. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाविधीची पुनर्रचना करताना 58, 83 व 109 ही स्तोत्रे वगळली. त्यामागची अडचण समजते, परंतु हा निर्णय मला पटत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झाले, त्याला देवापुढे आक्रोश करण्यासाठी शब्द हवेत. 137वे स्तोत्र बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या, यरुशलेमेचा विध्वंस सोसलेल्या लोकांचे आहे, हे विसरून ते वाचता येत नाही.

मात्र या स्तोत्रांत सूड उगवण्याचे काम देवाच्या हाती सोपवलेले आहे. आपल्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हाती सापडला असताना दावीदाने त्याला जिवंत सोडले आणि परमेश्वरच तुझ्यामाझ्यामध्ये न्याय करो, माझा हात तुझ्यावर पडणार नाही, असे सांगितले. ज्या 35व्या स्तोत्रात शत्रूंविरुद्ध इतके कठोर मागणे आहे, त्याच स्तोत्रात ते आजारी असताना आपण गोणपाट नेसून उपास केला, असेही स्तोत्रकर्ता सांगतो. नाश मागणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या व्यक्तींसाठी आधी उपास केला आहे, हे तुमच्या सभेत विचारले जावे, असे मला मनापासून वाटते.

न्याय मागणे गैर नाही. प्रकटीकरणाच्या 6व्या अध्यायात वधलेले साक्षीदार ‘कोठवर?’ असे विचारतात आणि त्यांना थोडा वेळ थांबण्यास सांगितले जाते; शिक्षेची वेळ वा रीत ते ठरवत नाहीत. आलेक्सांद्र तांबटाने आपले पुष्कळ वाईट केले, असे पौल लिहितो आणि त्याची फेड प्रभूवर सोपवतो; परंतु चौकशीच्या वेळी ज्यांनी आपली साथ सोडली, त्यांचा हा दोष मोजला जाऊ नये, अशी विनवणीही तो दोनच वचने पुढे करतो. दुर्बळांवर जुलूम करणारा आणि आपल्याशी केवळ मतभेद असणारा यांच्यातील फरक प्रार्थना करणाऱ्याने तर आवर्जून ओळखला पाहिजे, कारण आपला अपमान हाच देवाचा अपमान, असे मानण्याचा मोह अशा वेळी फार प्रबळ असतो.

तेव्हा नाव घेऊन कोणाचे मरण मागितले जात असेल, तर तेथे ‘आमेन’ न म्हणण्यास तुम्ही मोकळे आहात. आपल्या पाळकांशी एकांतात, आदराने बोला. प्रार्थनेसाठी स्तोत्रातीलच शब्द हवे असतील, तर 83व्या स्तोत्रातील 16वे वचन सुचवा. शत्रूंची तोंडे लज्जेने भरावीत, असे तेथेही मागितले आहे, परंतु ते त्यांनी परमेश्वराचे नाव शोधावे म्हणून.