शब्द एकटा उचलू नकोस

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. रोज इंग्लिशचे 50 शब्द पाठ करतेयस आणि आठवड्याने त्यातले पाचसुद्धा आठवत नाहीत म्हणून रडू येतं, असं लिहिलंयस. तुझ्या डोक्यात काही खोट नाही गं, शब्द आणि समोर मराठी अर्थ अशी यादी घोकली की ती कुणाच्याही डोक्यातून गळते, माझ्याही गळली होती.

आता हे बघ. 'अपघाताला ट्रकवाला कारणीभूत' म्हणतो आपण, पण 'माझ्या यशाला आई कारणीभूत' म्हटलं की कानाला खटकतं ना? इंग्लिशमधल्या 'कॉज'चंही तसंच, बहुतेक वेळा त्याच्यापुढे प्रॉब्लेम, डॅमेज, डिले असलंच काहीतरी येतं. किंवा 'रॅम्पंट' घे. गाइडमध्ये अर्थ दिलाय 'सर्वत्र पसरलेला', आणि तेवढ्यावर तू लिहिशील की गावात शिक्षण रॅम्पंट आहे! अगं तो आपला 'बोकाळलेला' आहे, भ्रष्टाचार बोकाळतो, महागाई बोकाळते, शिक्षण कधी बोकाळतं का? ही संगत एका ओळीच्या अर्थात दिसतच नाही, म्हणून शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य वहीत उतरव आणि खाली स्वतःचं एक लिही, हॉस्टेलचं, मेसच्या आमटीचं, कशाचंही.

शब्द कुठले घ्यायचे विचारलंस. स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधले अवघड शब्द सध्या बाजूला ठेव. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या पुस्तकांत, लेखांत सारखे येणारे शब्द मोजून 2000 साली अकॅडमिक वर्ड लिस्ट काढली, त्यात 570 शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे ॲनलाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे सगळं मिळून एक घर. तुझ्या सिलॅबसच्या पुस्तकात हे पानोपानी भेटतील, मग दिवसाला पाच पुरेत, खरंच पुरेत.

आणि उजळणीसाठी बुटांचं रिकामं खोकं घे, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. कार्डाच्या एका बाजूला शब्दाची जागा रिकामी ठेवून वाक्य, मागे शब्द. आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, पाचवा महिन्यातून एकदा. लाइटनर बॉक्स म्हणतात याला. मोबाइलवर ॲप मिळतात, पण सुरुवात हाताने कर असं मला मनापासून वाटतं, लिहिताना वाक्य जिभेवर बसतं.

रविवारी फोन कर, 'रॅम्पंट'चं तुझं वाक्य ऐकायचंय मला.