सासूबाईंचे गुडघे, कडेपठार आणि पाच पायऱ्या

प्रश्न : ताई नमस्कार, माझं नुकतंच लग्न झालंय आणि आता जोडीनं जेजुरीला जायचंय. सासूबाईंचं म्हणणं आधी कडेपठार मग गड, नाहीतर दर्शन पुरं होत नाही, पण गुडघे त्यांचेच दुखतात. वर नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात म्हणे, मी काय हलकी नाही! सोमवती अमावस्येला गेलं तर चालेल का?
– नवी सून, नाशिक

उत्तर : अगं सूनबाई, सासूबाई चुकीचं नाही बोलत. कडेपठार हेच खंडोबाचं जुनं ठाणं, गावाजवळच्या टेकडीवरचा गड नंतरचा, त्याचा दगडी कोट तर होळकरांच्या काळातला, १७७० च्या सुमाराचा. पण हेही सांगतात की एक म्हातारा भक्त कडेपठार चढून चढून थकला, त्याला झेपेना, म्हणून देव स्वतःच खाली गडावर आला. मग गुडघे दुखणाऱ्या बाईने कडेपठार चढायचा हट्ट कशाला? त्यांना हीच गोष्ट सांग, सुनेचं नाही तर देवाचं तरी ऐकतील. कडेपठार तुम्ही दोघं भल्या पहाटे उरकून या, ऊन चढलं की हाल होतात, पाणी सोबत ठेवा.

गडाच्या ‘नऊ लाख पायऱ्या’ ऐकून घाबरू नकोस, ते म्हणायचं, तेवढ्या नाहीत. उचलून न्यायचं ते पाच पायऱ्यांपुरतं, तेवढं नवऱ्याला जमेल की, नाही जमलं तर हसायचं आणि चालायला लागायचं, देव काही रागवत नाही. वाटेत बाणाईचं, म्हणजे देवाच्या दुसऱ्या बायकोचं, देऊळ लागतं, बऱ्याच जणी ‘खंडोबा-म्हाळसा’ म्हणत तिथून तशाच पुढे जातात, तू थांब. धनगराची लेक ती, देव तिच्यासाठी मेंढरं राखायला गेला होता. वर देवळासमोर मोठं पितळी कासव आहे, तिथे तळी भरतात, ताम्हनात खोबरं, भंडारा, सुपारी घेऊन सगळ्यांनी मिळून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत उचलायचं. भंडारा घरची हळद दळून न्या, रंग मिसळलेली पावडर डोळ्यात गेली तर जाम चुरचुरते.

आणि सोमवती? नको गं बाई. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते, बघण्यासारखं असतं हे खरं पण पाय ठेवायला जागा नसते, दुखऱ्या गुडघ्यांना तर अजिबातच नको. चंपाषष्ठीलाही गर्दी तशीच. साधा मधला वार धरा, शक्यतो रविवारही टाळा, तो खंडोबाचा वार.

जागरण, म्हणजे रात्रभर खंडोबाची गाणी, घालायचं असेल तर ते घरी आल्यावर, ती गाणाऱ्या वाघ्या-मुरळींना आधी विचारून तारीख पक्की करा, लग्नसराईत ते मिळत नाहीत.